फ्लाय फिशिंग: आधी मागची फेक सुधारा

आजचा अख्खा दिवस नदीवर फ्लाय रॉड हातात होता. फ्लाय फिशिंग म्हणजे नकली माशी बांधून केलेली मासेमारी. नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी लिहून ठेवतोय.

९ फुटी, ५ वेटचा रॉड (वेट म्हणजे लाइनच्या वजनाचा क्रमांक), वेट-फॉरवर्ड म्हणजे पुढच्या टोकाकडे जड असलेली तरंगती लाइन आणि ९ फुटी ५एक्स लीडर (लाइन आणि माशी जोडणारा बारीक दोरा, ५एक्स ही त्याच्या टोकाची जाडी) पुरे. रील (लाइन गुंडाळायची चकरी) साधं चालेल, पैसे लाइनवर घाला. पिसं-दोऱ्याच्या नकली माशीला वजन जवळपास नसतंच. फेकला जातो तो लाइनचा भार.

बहुतेकांचं बिघडतं ते मागच्या फेकीत, म्हणजे लाइन पाठीमागे उडवताना. मनगट मोडलं की रॉडचं टोक खाली जातं आणि लाइन थेट झुडपात. रॉड घड्याळाचा काटा समजा, १२ म्हणजे सरळ वर. मागे नेताना १ वर पक्का थांबवा, लाइन मागे सरळ होऊ द्या, मगच पुढे या आणि १० वर थांबा. घाई केलीत तर चाबकासारखा आवाज येतो आणि माशी तुटून जाते.

पाणी निवडताना वेगवान आणि संथ प्रवाह एकमेकांना घासतात ती रेषा शोधा. मासा संथ बाजूला दबा धरतो, खाणं शेजारून वाहत येतं. काठचे दोन-चार दगड उलटून बघा, खाली चिकटलेल्या अळ्यांच्या मापाची माशी बांधा आणि दगड होता तसा परत ठेवा, प्लीज.

पाणी २० अंश सेल्सिअसच्या वर गेलं की ट्राउटला (थंड पाण्यातला मासा) ऑक्सिजन कमी पडतो, सोडलेला मासाही दगावू शकतो. अशा दिवशी रॉड आवरा. परवाना आणि बंदीचा काळ मात्र निघण्याआधीच तपासा.