जुळवाजुळव

परवा दुपारी जेवून जरा आडवा झालो होतो, तेवढ्यात कोपऱ्यावरच्या मांडवात माइकवाला सुरू झाला. "हॅलो, हॅलो... वन, टू, थ्री... ओंदु, एरडु, मूरु... हॅलो!" मग खरखर, मग कान किटवणारी शिट्टी, मग पुन्हा हॅलो. बेळगावात, शहापूरच्या गल्लीत गणपतीच्या दिवसांत दुपारची झोप मिळेल अशी आशा कुणी धरत नाही. बायको खिडकी लावायला उठली. मी म्हटलं, राहू दे. माझं लक्ष त्या हॅलोतच अडकलं होतं. दुसऱ्या कर्ण्यात आवाज अजून कमी येत होता आणि तो बरोबर होईपर्यंत मला चैन पडणार नव्हतं.

संध्याकाळी त्याच माइकवर कोण गाणार होतं, याची चौकशीसुद्धा मी केली नव्हती. आता वय झाल्यावर सांगायला हरकत नाही. मला गाण्याइतकंच, कधी कधी तर गाण्यापेक्षाही, गाणं सुरू व्हायच्या आधीचं आवडतं.

कार्यक्रम सहाचा असला की मी पाचलाच चपला घालून दारात. "सतरंज्या आंथरायला बोलावलंय काय तुम्हाला?" असं घरातून विचारणं होतं. मित्र फोनवर म्हणतो, "इतक्या लवकर जाऊन काय कराल्यास बे?" आणि स्वतः येतो तो सुरुवातीचा लांबलचक बडा ख्याल संपता संपता, लोकांचे गुडघे ओलांडत, सॉरी सॉरी म्हणत. त्याच्या मते काहीच चुकत नाही. अर्धा कार्यक्रम तर संपलेला असतो. निदान माझ्या हिशेबानं.

हे खूळ डोक्यात शिरलं ते आजोबांमुळं. आजोबा देवळात भजनाला पखवाज वाजवायचे. एकादशीला संध्याकाळी माझं काम ठरलेलं, वाटीतून कणीक न्यायची. आजी कणीक मळताना कुरकुरायची, "पोरांच्या तोंडातली पोळी काढा आणि घाला त्या लाकडाला." पण मळायची मन लावून. सैल झाली तर पुडीवरून, म्हणजे पखवाजाच्या कातड्यावरून, ओघळते, घट्ट झाली तर धरत नाही, हे तिला पखवाजाला हात न लावता पक्कं माहीत. वर ओलं फडकं टाकून वाटी माझ्या हातात द्यायची आणि बजावायची, वाटेत खाऊ नकोस. कच्ची कणीक खायची मला सवय होती.

आजोबा पखवाज मांडीवर आडवा घ्यायचे. डाव्या अंगाच्या पुडीवर, म्हणजे धुमेवर, ओलं बोट फिरवायचे, गोळा मधोमध ठेवायचे आणि अंगठ्यानं दाबत दाबत गोल पसरत न्यायचे. मग एक थाप. कोरडी, टणटणीत. आणखी चिमूटभर कणीक. थाप. जरा काढली. थाप. टाळकरी सुपारी कातरत बसलेले, कुणी कुणाच्या शेतातल्या पाण्याचं विचारतोय, बुवा पानाचा चुना शोधताहेत आणि आजोबांचं आपलं थाप, चिमूट, थाप. कधीतरी एक थाप अशी पडायची की ती जमिनीतून यायची. मी त्यांना टेकून बसलेला असायचो, मला ती पोटात कळायची. आजोबा मान न वळवता विचारायचे, "बसला?" मी "हं" म्हणायचो. माझ्या हं वाचून सगळं भजन अडलंय असं मला खरंच वाटायचं. पुढं उजवीकडची पुडी ताणायला लाकडी गट्ठ्यांवर हातोडी, मग 'जय जय राम कृष्ण हरी', आणि दुसऱ्या अभंगाला मी खांबाला टेकून गाढ. त्यामुळं पुष्कळ अभंगांची सुरुवात मला तोंडपाठ आहे आणि शेवट नाही. सकाळी ती खरवडलेली कणीक गाईच्या तोंडात जायची.

हल्ली धुमेलाही शाई, म्हणजे कायमचा काळा लेप, असलेले पखवाज मिळतात. कणकेची भानगड नाही, सोयीचं पडतं म्हणतात. पडत असेल.

मैफिलीला जायला लागलो तेव्हा तंबोऱ्यानं तीच जागा घेतली. आमच्या भागातल्या माणसाला तंबोरा म्हणजे मिरज. सतारमेकर गल्लीत पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे टांगलेले असतात, वाळून कडकडीत झालेले, आणि खाली कारागीर कानसीनं तारांखालची घोडी घासत असतो. मिरजेच्या दर्ग्यात उरुसाला चिंचेच्या झाडाखाली गाणं होतं, किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब यांच्या आठवणीचं. तिथं मी तंबोऱ्याला अगदी चिकटून बसलेलो आहे. तारा एकेक करून लागल्या, पंचम लागला, मधले जोड लागले, सगळ्यात खालचा खर्ज लागला, सगळं सुरात आहे आणि तरीही बुवांचं तोंड वाकडं. मग घोडीवर तारेखाली सरकवलेला तो सुती दोरा, जवारीचा, म्हणजे तारेला गुंजारव आणणारा. बोटानं इकडं केसभर, तिकडं केसभर. एका जागी आल्यावर ती एकच तार अचानक भरून वाजायला लागते, आत कुणी दिवा लावावा तशी. आजूबाजूला माणसं चहा मागवताहेत आणि हे इतकं मोठं काहीतरी घडून गेलेलं कुणाच्या गावीही नसतं.

कुमार गंधर्व जन्मले ते इथलेच, सुळेभावीचे. त्यांच्या नावाचं रंगमंदिरही गावात आहे. तंबोऱ्याच्या बाबतीत ते किती चोखंदळ होते हे जुन्या मंडळींकडून मी इतकं ऐकलंय की मला त्यांचं गाणं आठवायच्या आधी खुंटीवरचा हातच दिसतो. आता त्याच व्यासपीठांवर मोबाइलमधला तानपुरा लावून गाणारे येतात. बटण दाबलं, झालं. तो कधी उतरतच नाही, हीच माझी तक्रार आहे.

जत्रेतली हलगीवाली पोरं मला म्हणून जवळची वाटतात. रस्त्याच्या कडेला पाचट नाहीतर कागद पेटवतात आणि त्यावर हलगी शेकतात. पावसाळी हवेत कातडं सैल पडतं, ऊब मिळाली की ताणतं. बोटानं टिचकी मारून कानाशी नेतात, पुन्हा धगीवर धरतात. सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर जोगत्याचं चौडकंही असंच. एकच तार, एकच खुंटी, पण पिळताना चेहरा असा की देवी तिथंच आहे.

डॉल्बीला मात्र जुळवायचं काही नसतंच. नुसतं चढवायचं. त्यावर अधिक लिहीत नाही, गल्लीत राहायचं आहे.

भाच्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात रॉकचा कार्यक्रम होता, मेटल म्हणतात तो. "मामा, तुम्हाला झेपणार नाही," म्हणाला, म्हणून हट्टानं गेलो. अर्थात तासभर आधी. स्टेजवर केस वाढवलेली पोरं, पायाशी पेटाऱ्यांसारखी यंत्रं. गिटारवाला मान खाली घालून तार छेडतोय आणि आवाज काहीच नाही! भाच्यानं सांगितलं, पायाखालचं ट्यूनर पेडल दाबलं की बाहेरचा आवाज बंद होतो, सुरात आलं की हिरवा दिवा लागतो. आणखी कळलं की जाड तार ते मुद्दाम एक स्वर खाली उतरवून ठेवतात, गाणं जड वाटावं म्हणून. म्हणजे खर्जाची ओढ यांनाही आहेच की. पुढं जे वाजलं ते छातीवर आदळत होतं आणि शब्द एकही कळला नाही. पण दोन गाण्यांच्या मध्ये तो मुलगा पुन्हा खाली वाकला, तेव्हा शेजारची पोरं शिट्ट्या मारत होती आणि मी श्वास धरून हिरव्या दिव्याची वाट बघत होतो. मला झेपलं, असं भाच्यानं घरी कबूल केलं.

या आधीच्या वेळाला एकच शत्रू आहे. दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, मनोगत, आभार आणि आभारानंतर राहून गेलेल्यांचे आभार. सुरात आणून ठेवलेले तंबोरे तेवढ्यात बिचारे उतरतात.

टिळकवाडीतून जाताना काँग्रेस विहीर लागते. १९२४ च्या डिसेंबरात इथं काँग्रेसचं अधिवेशन भरलं, गांधीजी अध्यक्ष होते. गायिका गंगूबाई हनगल तेव्हा ११ वर्षांच्या. त्यांनी तिथं स्वागतगीत गायलं. पुढं मोठ्या झाल्यावर त्यांनी सांगितलंय की त्या दिवशी मनात एक धास्ती होती. जेवणं उरकल्यावर उष्टी काढायला आपल्याला सांगतील की काय! गाणारणीच्या घरातली पोर, शेजारच्या वरच्या जातीच्या घरांतून तिनं तोवर पुरेसं ऐकून घेतलेलं होतं.

त्या रस्त्यानं मी रंगमंदिराकडं कितीदा गेलोय, घड्याळात बघत, तंबोरे लागायच्या आत पोचायचं म्हणून. विहीर आली की हे आठवतं, आणि पुढं चार पावलं तरी माझ्या त्या आधीच्या वेळाचं कौतुक मला करवत नाही.