चोर्ला घाटात अडकलेला दाखला

शिष्यवृत्तीच्या अर्जांची शेवटची तारीख जवळ आली की आमच्या स्टाफरूमची मामलेदार कचेरी होते. गोव्यात साखळीजवळच्या आमच्या हायस्कुलात यंदा नववीचे अर्ज माझ्याकडे होते. वर्गातल्याच एका मुलीला, अक्षर सुबक म्हणून, मदतीला घेतलं. गावडा-वेळीप मुलांचे अर्ज तिने भराभर उरकले. (त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला तोही २००३ मध्ये. आईबाप तोवर शाळा सोडून मोकळे झाले होते.)

मग तिने स्वतःचा अर्ज पुढे केला. सोबत वडील. लमाणी म्हणजे बंजारा, कर्नाटकातल्या विजापूरकडच्या तांड्यावरून चोर्ला घाट उतरून गोव्यात बांधकामावर आलेले. प्लास्टिकच्या पिशवीतून त्यांनी जातीचा दाखला काढला. कानडीतला, घडीवर फाटू नये म्हणून मागून सेलोटेप लावलेला. वडिलांना वाचता येत नाही. मुलीला आणि मला कानडी येत नाही. शेवटी बेळगावकडच्या शिपायाने वाचला: अनुसूचित जात, लंबाणी.

दाखला खरा होता, पण इथे निरुपयोगी. गोव्याच्या अनुसूचित जातींच्या यादीत पाचच नावं, त्यात लमाणी नाहीत. हेच लोक कर्नाटकात अनुसूचित जातीत, तेलंगणात जमातीत, महाराष्ट्रात विमुक्त जातींत. यादी त्या-त्या राज्यापुरती असते, स्थलांतर केलं म्हणून दर्जा सोबत येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही १९९० मध्ये सांगितलंय. बाहेरच्यांनी इथल्या वंचितांचा वाटा खाऊ नये, हा त्यामागचा विचार मला पटतो. पण पत्र्याच्या खोलीत राहणारी, घरी लमाणींची गोरबोली बोलणारी आणि निबंध मराठीत लिहिणारी ही पोर नेमकी बाहेरची कशी?

"चलयेचो जल्म हांगाच जाला, टीचर," वडील कोकणीत म्हणाले. जन्मच इथला, मग कर्नाटकात अर्ज करायचा तर रहिवासाचा पुरावा कुठून आणणार?

मुलगी काही बोलली नाही. स्वतःचा अर्ज बाजूला ठेवून तिने बाकीचे क्रमाने लावले.

तिचा भाऊ सातवीत आहे. आठवीत आर्थिक दुर्बल घटकांसाठीची राष्ट्रीय शिष्यवृत्ती परीक्षा असते. पास झाला तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. त्यासाठी जातीचा दाखला असायलाच हवा असं नाही, उत्पन्न बघतात. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी कचेरीत यावं लागेल, कामाचा खाडा होईल, असं मी वडिलांना सांगितलं.

"सोमवारी चलता?" त्यांनी विचारलं. "आयतवारी स्लॅब आसा."