शंभर भरेपर्यंत

इटलीतल्या बेर्गामो शहरातल्या पहिल्या रात्री आम्ही खोलीवर सामान सोडत बसलो होतो, तेव्हा बाहेर घंटेचे ठोके पडू लागले. दहा वाजत आल्याचे ठाऊक होते, त्यामुळे जुन्या सवयीने मी मनातल्या मनात ठोके मोजले आणि दहावा पडताच मोजणे थांबवले; परंतु घंटा काही थांबली नाही. अकरा झाले, पंधरा झाले, वीस झाले. पत्नीने हातातली साडी अर्धवट घडी घालून तशीच ठेवली आणि माझ्याकडे पाहिले. कुठे तरी आग लागली असावी, गावातले कोणी मोठे माणूस गेले असावे, किंवा घड्याळाचे यंत्र अडकले असावे, अशा तीन शक्यता आम्ही दोघांनी मिळून काढल्या. खिडकी उघडून पाहिले, तर खालच्या दगडी गल्लीतून एक वयस्क गृहस्थ आपल्या कुत्र्याला घेऊन अतिशय सावकाश चालले होते आणि डोक्यावर चाललेल्या त्या घणघणाटाची दखल त्यांनीही घेतलेली नव्हती आणि कुत्र्यानेही नाही.

सकाळी घरमालकीणबाईंना विचारले, तेव्हा आम्हीच काही तरी चमत्कारिक विचारल्यासारखे त्यांनी आमच्याकडे पाहिले. घंटा रोजच वाजते, रात्री दहा वाजता, शंभर ठोके. पूर्वी गावाचे दरवाजे बंद होण्याची ती सूचना असे. मग आता दरवाजे बंद होतात का, असे विचारल्यावर त्या मनापासून हसल्या.

मिलानहून रेल्वेने तासाभराच्या आत पोहोचता येणारे हे शहर खरे तर दोन मजली आहे. स्टेशन, कचेऱ्या, रुंद रस्ते आणि दुकाने खाली सपाटीवर, आणि टेकडीवर तटाने वेढलेले जुने गाव, ज्याला तिथे ‘चित्ता आल्ता’, म्हणजे वरचे शहर, म्हणतात. मराठी माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. गड आणि त्याच्या पायथ्याची पेठ एवढे म्हटले की चित्र उभे राहते. फरक इतकाच, की आपल्या बहुतेक गडांवर आता वारा आणि पर्यटक राहतात, तर या गडावर माणसे राहतात, त्यांचे कपडे खिडक्यांबाहेर वाळतात आणि त्यांची मुले दप्तरे घेऊन शाळेत जातात. खालून वर जायला १८८७ सालापासून फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने ओढली जाणारी चढावरची गाडी, आहे. सप्तशृंगी गडावर आता तशी ट्रॉली झाल्यामुळे आम्ही तिच्यात जाणत्या माणसाच्या आविर्भावात बसलो. ती तटाला छेद देत चढते आणि जिथे सोडते त्या चौकाचे नाव आहे जोड्यांचा बाजार. आज तिथे जोडे मिळत नाहीत, कॉफी मिळते.

गाव मध्ययुगीन असले तरी त्याचा आजचा तट त्या मानाने अलीकडचा, व्हेनिसच्या राजवटीतला आहे. १४२८ पासून १७९७ पर्यंत बेर्गामो व्हेनिसच्या ताब्यात होते आणि त्या राज्याची ही पश्चिमेकडची हद्द होती. पलीकडे मिलान, आणि मिलानवर स्पेनची सत्ता. म्हणून १५६१ साली तटाचे काम काढले, ते १५८८ पर्यंत चालले. सहा किलोमीटरहून लांब असलेल्या या तटाला चार मोठे दरवाजे, बुरूज, तोफांसाठी पोटात कोरलेल्या खोल्या आणि शत्रूच्या नकळत बाहेर पडण्याचे चोरदरवाजे असा सगळा सरंजाम आहे. तो उभारण्यासाठी दोनशेहून अधिक इमारती पाडल्या गेल्या आणि त्यांत गावाचे रक्षण करणाऱ्या संत अलेस्सांद्रोचे प्राचीन मुख्य चर्चही गेले. गंमत अशी, की एवढे करून या तटाला कधी वेढाच पडला नाही. रक्षणकर्त्या संताचे घर मोडून ज्या शत्रूसाठी तट बांधला, तो आलाच नाही. आता हा तट जागतिक वारसा आहे आणि संध्याकाळी त्याच्या कठड्यावर बसून जोडपी खालच्या शहरातले दिवे पाहतात. तोफांपेक्षा हा उपयोग पुष्कळच बरा.

तट शांत राहिला, पण दरवाजे रोज उघडत आणि मिटत असणार, आणि माझे मन त्या दरवाजांशीच अडकून राहिले. घंटा ज्या मनोऱ्यात आहे त्याला लोक ‘काम्पानोने’ म्हणतात, म्हणजे थोरली घंटा; मनोऱ्याची ओळख घंटेवरून व्हावी इतके तिचे प्रस्थ आहे. पण दरवाजे बंद होत आहेत हे सांगायला ठोके शंभर कशाला हवेत? पेशवाईतल्या पुण्यात रात्री तोफ होत असे आणि त्यानंतर रस्त्यात सापडलेल्या माणसाची रवानगी कोठडीत होई. तोफेला वाटाघाट माहीत नसते. ती उडाली की तुम्ही एक तर आत असता, नाही तर बाहेर. रायगडावरच्या हिरकणीची कथाही या मिटलेल्या दरवाजाचीच आहे. तिला कोणी शंभरपर्यंत मोजून दिले असते, तर ती नेहमीच्या वाटेने घरी गेली असती आणि आपण एका बुरुजाच्या नावाला मुकलो असतो.

बेर्गामोची घंटा मात्र वेळ देते. पहिला ठोका पडतो तेव्हा मनुष्य अजून उताराच्या मळ्यात असेल, विसाव्याला त्याने औजारे खांद्यावर टाकली असतील, पन्नासाव्याला तो चढणीला लागला असेल आणि नव्वदीत धापा टाकत दरवाजातून आत आला असेल. आपल्याकडे एखाद्याचे ‘शंभर भरले’ म्हणतात, ते शिशुपालाच्या अपराधांवरून. तिथेही मोजणारा घाईत नव्हता. शंभरापर्यंत ऐकून घ्यायचे ठरले होते, म्हणून त्याने ऐकून घेतले. आपण त्या गोष्टीतले सुदर्शन तेवढे लक्षात ठेवतो आणि त्याआधीचे मोजणे विसरून जातो. शंभर ठोके कोणत्या हिशेबाने ठरले असतील ते असो, मला त्या आकड्यात शेवटच्या माणसाची दया दिसली, आणि ती मी माझ्या जबाबदारीवर पाहिली.

एकदा मोजण्याकडे लक्ष गेल्यावर मग गावभर मोजमापेच दिसू लागली. काम्पानोनेच्या शेजारी ‘पालात्सो देल्ला राजोने’ हे जुने नगरसभागृह आहे; त्याची मूळ इमारत बाराव्या शतकातली. खाली कमानींचा मोकळा मंडप आहे आणि त्याच्या फरशीत १७९८ साली बसवलेली एक लांब रेघ आहे. वर कमानीत टांगलेल्या तबकडीच्या छिद्रातून उन्हाचा कवडसा पडतो, आणि तो रेघेवर आला की मध्यान्ह झाली. आम्ही बारा वाजता जाऊन उभे राहिलो आणि कवडसा कुठेच्या कुठे पाहून हिरमुसलो. उन्हाळ्यात तिथली घड्याळे एक तास पुढे केलेली असतात, हे नंतर सुचले. सव्वा वाजून गेल्यावर तो वाटोळा ठिपका अंगण ओलांडणाऱ्या मांजरासारखा आवाज न करता रेघेवर आला आणि पलीकडे गेला. त्यासाठी सव्वा तास उभे राहणारे आम्ही दोघेच होतो. बाकीची मंडळी जेवायला बसली होती.

मंडपातून पलीकडे गेले की सांता मारिया माज्जोरे हे चर्च लागते. ११३७ साली बांधायला घेतलेल्या या इमारतीला समोरून प्रवेशद्वार नाही. बाजूच्या दारांनी आत जायचे, आणि त्या दारांचे खांब दगडी सिंहांनी पाठीवर तोलले आहेत. आत भरजरी पडदे आहेत, लाकडात लाकूड बसवून रंगवल्यासारखी केलेली चित्रे आहेत आणि संगीतकार दोनित्सेत्तीची समाधी आहे. ज्या १७९७ साली व्हेनिसची सत्ता संपली त्याच साली तो या गावात एका गरीब घरात जन्मला. पण मी रेंगाळलो तो बाहेर, उत्तरेकडच्या दाराजवळ. तिथल्या भिंतीत गावाची जुनी लांबीची मापे बसवलेली आहेत. त्यांतले एक माप ‘ब्राकियुम’, म्हणजे शब्दशः बाहू, अर्ध्या मीटरहून किंचित मोठे; आपला ‘हात’च तो. कापड घेताना व्यापाऱ्याने हात आखडता घेतला असे वाटले, तर गिऱ्हाइकाने कापड उचलून देवाच्या भिंतीला लावून पाहावे, अशी ही सोय असणार. माझ्या आजीच्या काळच्या कापडवाल्याच्या गजाची आठवण होऊन मी तिथे माझा हात लावून पाहिला. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत तो थोडा कमी भरला.

शेजारची कोल्लेओनी चॅपेल रंगीत संगमरवराची आणि जरा अतिच नटलेली आहे. बार्तोलोमेओ कोल्लेओनी या व्हेनिसच्या सेनापतीने स्वतःच्या समाधीसाठी ती बांधवली आणि त्यासाठी चर्चचा एक भाग पाडून टाकला. त्याच्या जाळीच्या फाटकावर त्याचे कुलचिन्ह आहे, ज्याला हात लावला की नशीब उजळते अशी समजूत असल्याने ते घासून घासून चकचकीत झाले आहे. ते चिन्ह नेमके कशाचे, हे त्याच्या आडनावावरच्या जुन्या कोटीत दडलेले आहे आणि भल्या घरच्या मासिकात ते तिथेच राहू द्यावे. खाण्याचे म्हणाल, तर मक्याच्या पिठाचा घाटा, म्हणजे पोलेंता, हे इकडचे गरिबांचे अन्न. त्यावर पूर्वी शिकारीतले छोटे पक्षी ठेवत. हलवायांनी त्याचे सोंग घेणारा पिवळा गोड केक करून त्यावर चॉकलेटचे पक्षी बसवले आहेत. दिसायला नामी आणि गोडीला बेसुमार. आमच्याने अर्धाही संपला नाही.

बेर्गामो हे नाव आपल्यापैकी अनेकांनी प्रथम ऐकले ते मात्र या कशासाठीच नव्हे. १८ मार्च २०२० च्या रात्री शवपेट्या घेऊन या शहरातून निघालेल्या लष्करी ट्रकांच्या रांगेचे छायाचित्र आम्हीही पुण्यात मोबाइलवर पाहिले होते. चारच दिवसांनी आपल्याकडे लोकांनी गच्च्यांवर उभे राहून थाळ्या वाजवल्या. इटलीत १८ मार्च हा आता त्या साथीतल्या मृतांच्या स्मरणाचा दिवस आहे. मला घरमालकीणबाईंना त्या दिवसांविषयी विचारायचे होते. एकदा कॉफी पिताना शब्द ओठांवर आलेही, पण त्यांच्या फडताळावर लहान दिव्याशेजारी एका पुरुषाची तसबीर होती आणि तिच्याकडे नजर गेल्यावर मी साखर मागून घेतली.

तीन रात्री आम्ही ठोके मोजले. एकदा माझे सत्त्याण्णव भरले, एकदा पत्नीचे एकशेदोन, आणि एकदा मध्येच खाली कोणी तरी गाऊ लागल्यामुळे दोघांचेही चुकले. चूक घंटेची आहे असे मात्र आम्हा दोघांपैकी कोणी म्हटले नाही.

शेवटच्या रात्री खाली जेवून आम्ही चालतच वर निघालो. चढ अंदाजापेक्षा कठीण निघाला, पत्नीच्या गुडघ्याने तक्रार सुरू केली आणि सान्त अगोस्तीनो दरवाजा समोर दिसत असतानाच पहिला ठोका पडला. दरवाजा मिटणार नाही हे आम्हाला पक्के ठाऊक होते; त्याच्यातून बस आत-बाहेर करते. तरीही दोघांचीही पावले आपोआप झपाझप पडू लागली. ती पुटपुटत मोजत होती, मी श्वास जपत होतो. कमानीखाली पोहोचलो, वर व्हेनिसचा दगडी सिंह होता, मागून बस आली आणि आम्ही भिंतीला चिकटून तिला वाट दिली. बस गेल्यावर मी विचारले, “किती झाले?”

“त्रेसष्ट,” ती म्हणाली, “आता हळू चला.”