झुमा अपडेट: हिरवा आला एकदाचा!

मंडळी, झुमा, म्हणजे 'झुमा' ह्या फिलिपिनो पिक्चरमधला हिरवा राक्षस, माझ्या कॉम्प्युटरवर एकदाचा हिरवा झाला! दुबईहून आलेल्या त्याच्या व्हीएचएस टेपचं रडगाणं संपलं, निदान निम्मं तरी.

टेप एनटीएससी आणि आपला व्हीसीआर पाल (व्हिडिओ सिग्नलच्या दोन वेगवेगळ्या पद्धती), हे मागे सांगितलंच होतं. टीव्हीवर चित्र झकास, पण कॉम्प्युटरवर कॅप्चर करायला गेलं की यूएसबी कॅप्चर स्टिक पालवर ठेवली तर चित्र वर वर पळायचं, एनटीएससीवर ठेवली तर स्थिर पण ब्लॅक अँड व्हाइट. म्हणजे झुमा झालेला नट मॅक्स लॉरेल नखशिखांत हिरवा, खांद्यांवर सापांची मुंडकी, आणि माझ्या स्क्रीनवर राख फासलेला गोसावी. केबल बदलून झाली, ड्रायव्हर बदलून झाले, व्हर्च्युअलडब ह्या कॅप्चर सॉफ्टवेअरमधली एकही सेटिंग सोडली नाही.

गोम अशी की आपले व्हीसीआर एनटीएससी टेप वाजवताना धड एनटीएससी देत नाहीत न धड पाल. लाइन्स ५२५, ६० हर्ट्झ, पण कलर पालच्या ४.४३ मेगाहर्ट्झवर, म्हणजेच पाल-६०. टीव्ही ते चालवून घेतो, स्वस्तातल्या यूएसबी स्टिक नाही घेत. बॉक्सवर काहीही छापलेलं असो, ह्या कामाला त्या कचरा आहेत, माझं स्पष्ट मत. शेवटी लॅमिंग्टन रोडवरून बीटी८७८ चिपवालं जुनं टीव्ही ट्यूनर कार्ड उचललं, पीसीआय स्लॉट असलेल्या खटारा पीसीत बसवलं आणि लिनक्स टाकलं, कारण त्याच्या ड्रायव्हरमध्ये पाल-६० सरळ यादीतच आहे. सिलेक्ट केलं आणि खाडकन हिरवा!

आणि काय तो हिरवा राव. साप रबरी आहेत हे आता आणखीच कळतं, पण मजा त्यातच आहे ना. १९८५ चा पिक्चर, जिम फर्नांडेझच्या कॉमिक्सवरून. तिकडचे हिरो डार्ना घ्या, पांडाय घ्या, सगळी मंडळी कॉमिक्समधूनच आलेली, आणि पानावर जे काढलंय ते पडद्यावर दिसलंच पाहिजे, मग बजेट असो नाहीतर नसो. त्यापुढे आजचे गुळगुळीत सीजीआयवाले राक्षस मला तरी बेचव लागतात.

आता उरलंय ते कलर उजवीकडे सांडणं. व्हीएचएसचं कलर रेझोल्युशनच जेमतेम ४० लाइन्स, त्यामुळे हिरवा अंगाबाहेर ओघळतो. कलर सरकवणाऱ्या क्रोमाशिफ्ट फिल्टरने थोडा आत येतो, पूर्ण नाही येणार. टीआयव्हीटीसी फिल्टरने सेकंदाला २३.९७६ फ्रेम्सवर, म्हणजे मूळ फिल्मच्या वेगावर आणणं सोपं गेलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

पुढे डीनॉइझ (चित्रातली खरखर पुसणारा फिल्टर) मारून मोकळा होणार होतो, पण हे टाइप करता करता सुचलं की तीच टेप तीनदा कॅप्चर करून मीडियन (प्रत्येक पिक्सेलची तिन्हींतली मधली किंमत) काढला तर ड्रॉपआउटच्या, म्हणजे सिग्नल तुटल्याच्या पांढऱ्या रेघा बऱ्याच जातील, आणि फिल्मचे मूळ दाणे, ग्रेन, तेही मरणार नाहीत. तर डीनॉइझ कॅन्सल. १९६७ चा फिलिपिनो 'बॅटमॅन फाइट्स ड्रॅक्युला' कायमचा गायब झालाय, तेव्हा हातात आहे ती टेप घासूनपुसून गुळगुळीत कशाला करायची. फक्त तीन वेळा वाजवायची तर आधी व्हीसीआरचं हेड साफ करायला हवं, आणि त्यासाठीचं आयसोप्रोपिल अल्कोहोल संपलंय. मुंबईत सुटं कुठे मिळतं कोणाला माहितीये का?