पेमगिरीचा वड आणि आमचा न जुळलेला आकडा

स्मरणिकेसाठी शाळेबद्दल लिही म्हणून ग्रुपवर मेसेज आला, पण खरं सांगू का, मला शाळा म्हटलं की आधी वडच आठवतो. संगमनेर तालुक्यातल्या आपल्या पेमगिरी गावचा, जाखमतबाबांचा. बाहेरच्या शाळांच्या सहली एसटीने यायच्या आणि आमची सहल म्हणजे डबा घ्या आणि चालत सुटा, त्याचा तेव्हा फार राग यायचा.

गोष्ट तुम्हाला माहितीच आहे, तरी शहरात वाढलेल्या आपल्या पोरांसाठी लिहितो. जाखमतबाबा रामोशी, मेंढरं राखायचे. वाघ आला, दोघांची झुंज झाली, वाघही मेला आणि बाबाही गेले, आणि त्या जागेवर हा वड वाढला असं म्हणतात. आजी सांगायची तेव्हा वाघ दर वेळी थोडा मोठा व्हायचा, शेजारच्या काकूंच्या गोष्टीत तर झुंज दिवसभर चालायची. पण एका बाबतीत सगळ्यांचं एकमत, या वडाची काडीसुद्धा घरी आणायची नाही, आणली तर काहीतरी वाईट होतं. चूल पेटवायला सरपण मिळत नसायचं त्या काळातसुद्धा खाली पडलेल्या वाळक्या फांद्यांना कोणी हात लावायचं नाही. आता पुण्यात वटपौर्णिमेला बाजारात फांद्या विकायला येतात ना, ते बघून आजी काय म्हणाली असती ते इथे छापता येणार नाही.

विज्ञानाच्या सरांना भीतीबिती मान्य नव्हती, पण फांदी तोडू नका हे तेही सांगायचे, फक्त कारण वेगळं द्यायचे. पारंबी वरून लोंबत येते, जमिनीला टेकली की मुळं धरते, मग जाड होत होत खोडच होते आणि वरच्या फांदीचा भार उचलते, म्हणून वड असा आडवा पसरत जातो. तीन-साडेतीन एकर आहे म्हणतात आपला. एकदा सरांनी वर्गाचे गट पाडले आणि खोडं मोजायला लावली. प्रत्येक गटाचा आकडा वेगळा! कोण मनगटाएवढी पारंबीपण धरायचं, कोण धरायचं नाही, त्यावरून मारामारीची वेळ आली. मूळ खोड कुठलं यावर तर वाद अजून मिटलेला नाही.

पुढे नोकरीत कोलकात्याला जाणं झालं तेव्हा हावड्याच्या बोटॅनिकल गार्डनमधला वड मुद्दाम बघितला. त्याचं मूळ खोड बुरशीने सडलं म्हणून १९२५ साली काढून टाकलं, तरी झाड पारंब्यांवर मजेत उभं आहे. म्हणजे आमचं ते भांडण फुकटच होतं म्हणायचं.

गावाशेजारच्या पेमगिरीच्या गडावर शहाजीराजांनी छोट्या मूर्तझा निजामशहाला गादीवर बसवून कारभार केला, तो इतिहास पाठ्यपुस्तकाबाहेरचा असूनही आम्हाला तोंडपाठ होता, गावाला त्याचा अभिमान आहेच. पण पाहुणे आले की आधी वडाकडेच न्यायचे, गड म्हणजे चढायला लागतो ना! आता रविवारी गाड्या येतात, रील बनवतात, पारंबीला लोंबकळून फोटो काढतात. बाबांची गोष्ट त्यांना कोणी सांगत नाही बहुतेक. सांगायला पाहिजे, वाघ थोडा मोठा करून सांगितला तरी चालेल.

कमिटीला एक विनंती, शाळेच्या महोत्सवाच्या वर्षात खोडांची मोजणी परत एकदा होऊ द्या. काम नववीला द्या, आणि कुठली पारंबी धरायची ते आधी ठरवून द्या म्हणजे झालं.