फोर्स मारलं म्हणजे इन्स्टॉल झालं असं नसते राजेहो

आमच्याकडच्या ऑनलाईन सेंटरवाल्या पोट्ट्यांचा एक ठरलेला उद्योग हाय, उबंटूसारख्या लिनक्सवर जुन्या प्रिंटरच्या ड्रायव्हरची डेब फाईल (म्हणजे सॉफ्टवेअरचं पॅकेज) कुठून तरी आणायची, ते बसवणाऱ्या डीपीकेजी कमांडनं डिपेंडन्सी, म्हणजे सोबत लागणारी दुसरी पॅकेजं, नाही म्हणून कुरकुर केली का फोर्स-डिपेंड्स लावायचं अन् झालं म्हणून चहा प्यायले जायचं. झालं काहीच नसते ना भाऊ! फोर्सनं लागणारी लायब्ररी (प्रोग्रामले लागणारा तयार कोड) येत नाही, फक्त एररची वॉर्निंग होते. डीपीकेजीच्या नोंदीत, स्टेटस फाईलमध्ये, पॅकेज इन्स्टॉल्ड दिसते, म्हणजे सातबाऱ्यावर नाव चढलं पण वावर कुठंच नाही.

अन् खरा ताप पुढंच हाय. नंतर तुम्ही साधं व्हीएलसी प्लेअर टाकायले गेले तरी ॲप्ट (नेटवरून पॅकेजं आणून बसवणारी कमांड) अडून बसते, अनमेट डिपेंडन्सीज, पहिले फिक्स-ब्रोकन चालवा म्हणते. ते चालवलं अन् लायब्ररी रिपॉझिटरीत (सर्व्हरवरच्या पॅकेजच्या साठ्यात) भेटली तर ठीक, नाही भेटली तर तुमचा ड्रायव्हरच काढून टाकते, अन् यादी वाचतो कोण, सगळे डायरेक्ट वाय दाबतात. म्हणून आधी त्याच कमांडले मायनस एस लावून, खरोखर काही न बदलता, काय होणार ते पाहून घ्या.

त्यापेक्षा ॲप्ट इन्स्टॉल लिहून फाईलच्या नावाआधी डॉट-स्लॅश टाका, २०१५ च्या ॲप्ट १.१ पासून हे चालते, डिपेंडन्सी तेच शोधून आणते. ड्रायव्हर ३२ बिटचा असला तर डीपीकेजीच्या ॲड-आर्किटेक्चरनं आय३८६ (३२ बिटच्या पॅकेजचा प्रकार) जोडून ॲप्ट अपडेट, म्हणजे पॅकेजची यादी ताजी, करा, बहुतेकांचं घोडं इथंच अडलेलं असते.

आता म्हणाल नेट कुठं हाय, लाईन गेली का टॉवरही जाते. बरोबर हाय. मंग असं करा, अपडेट मोबाईलच्या हॉटस्पॉटवर कसंतरी उरकून ॲप्ट-गेट इन्स्टॉलले प्रिंट-यूआरआयज लावा, ते काहीच डाऊनलोड न करता सगळ्या लिंका छापते, ती यादी पेन ड्राईव्हवर घेऊन तालुक्याले जा, फाईली उतरवा (लिंकेच्या बाजूले जे नाव छापलं तेच ठेवायचं, बदलायचं नाही) अन् घरी येऊन व्हार-कॅश-ॲप्ट-अर्काइव्हज या फोल्डरमध्ये टाकून तीच इन्स्टॉल कमांड प्रिंट-यूआरआयज काढून परत द्या. यादी लय जुनी होऊ देऊ नका, सर्व्हरवर नवीन व्हर्जन आलं का जुनी लिंक मरते.

फेडोरासारख्या लिनक्सच्या आरपीएमवाल्यांनी हसू नये, तुमचं नोडेप्स बी फोर्स-डिपेंड्ससारखंच करते.

अन् लिबसी६ (जवळपास सगळ्या प्रोग्रामचा पाया असलेली लायब्ररी) लिनक्सच्या दुसऱ्या रिलीजमधून आणून फोर्सनं टाकायचा विचारही नको. फाईलींची यादी दाखवणारी साधी एलएस कमांड सुद्धा त्याच्यावरच चालते, ते बिघडलं का मशीन उघडायले लाईव्ह यूएसबीच लागते.