‘युअर अपोनंट्स’ म्हणजे नक्की कुणाचे? माझा अनुभव

मॅजिक द गॅदरिंग हा कार्डांचा खेळ खेळायला लागून तेव्हा मला जेमतेम आठ महिने झाले होते आणि आठ महिन्यांत माणसाला जेवढा माज येतो तेवढा आलेला होता. पुण्यात एका कॅफेत रविवारी पाच-सहा टेबलं लावून पॉपर खेळतात, पॉपर म्हणजे डेकमध्ये (आपल्या कार्डांच्या गठ्ठ्यात) फक्त कॉमन, सहज मिळणारी कार्डं, त्यामुळे खिशाला झेपतं. समोर सेकंड इयरचा एक पोरगा, माझा डेक हिरवा आणि त्याचाही हिरवाच. तिसरा गेम, त्याचं लाइफ ३ (शून्य झालं की हरला), त्याच्या बाजूला एकच १/१ चं पिल्लू, म्हणजे १ चा मार देणारं आणि १ च्या माराने मरणारं क्रीचर. माझ्याकडे नेटल सेंटिनल, २/२, आणि हातात रँकर, हे क्रीचरला चिकटवायचं कार्ड. रँकर बसला की +२/+० आणि वर ट्रॅम्पल (आडव्या आलेल्याला मारून उरलेला मार पुढे जातो), म्हणजे ४ चा हल्ला, त्याने पिल्लू आडवं घातलं तरी १ त्याच्यावर जाणार आणि ३ आरपार. बरोब्बर ३! मनातल्या मनात मी जिंकून चहा पण सांगितला होता.

रँकर टाकला. तो लागू व्हायच्या आधी मध्येच आपलं कार्ड टाकत पोरगा शांतपणे म्हणाला, "रिस्पॉन्समध्ये वाइन्स ऑफ वास्टवुड. तुमच्या सेंटिनलवर."

"अरे माझ्या क्रीचरला कशाला वाचवतोस बाबा?"

"वाचवत नाहीये दादा, तुमच्यापासून लपवतोय."

कार्डावर काय लिहिलंय तर ‘टार्गेट क्रीचर कान्ट बी द टार्गेट ऑफ स्पेल्स ऑर अॅबिलिटीज युअर अपोनंट्स कंट्रोल धिस टर्न’, म्हणजे या टर्नमध्ये ‘युअर अपोनंट्स’ना त्या क्रीचरला टार्गेट करता येत नाही, स्पेल (टाकलेलं कार्ड) त्याच्यावर नेम धरून टाकता येत नाही. आता यातलं ‘युअर’ कुणाचं? मी म्हटलं क्रीचर माझं, म्हणजे माझे अपोनंट्स, म्हणजे तू, तुला टार्गेट करता येणार नाही, मला येणार. तो म्हणाला कार्ड माझं आहे, मग ‘युअर’ पण माझंच. आवाज थोडे चढले (माझाच, त्याचा नाही) आणि त्या दिवशी जज म्हणून बसलेल्या ताई आल्या.

त्यांनी एकच विचारलं, "वाइन्स टाकलं कुणी?" ह्याने. "मग ‘यू’ हाच. कार्डावरचा ‘यू’ म्हणजे तो स्पेल ज्याच्या कंट्रोलमध्ये आहे तो. ज्याच्या क्रीचरवर टाकला तो नाही." म्हणजे माझ्याच क्रीचरला मीच टार्गेट करू शकत नाही. बोंबला.

मग मी दुसरा मुद्दा काढला, आणि तो मला खरंच बिनतोड वाटत होता, की रँकरवर टार्गेट हा शब्दच नाहीये, बघा, ‘एन्चँट क्रीचर’ एवढंच आहे. ताई म्हणाल्या, ऑरा, म्हणजे रँकरसारखं चिकटवायचं कार्ड, हातातून कास्ट केला (टाकला) की तो कायम टार्गेट करतो, शब्द छापलेला नसला तरी ‘एन्चँट’मध्येच ते आलं. बरं, म्हणजे रँकर गेला. मग तिसरा मुद्दा, "ठीक आहे, पण रँकर ग्रेव्हयार्डमध्ये (बाद कार्डांच्या ढिगात) गेला की हातात परत येतो ना, माना (कार्डाची किंमत मोजायची शक्ती) आहे माझ्याकडे, परत टाकतो." ताईंनी कार्ड माझ्यासमोर सरकवलं, "मोठ्याने वाचा बरं." वाचलं. ‘फ्रॉम द बॅटलफील्ड’ ग्रेव्हयार्डमध्ये गेला तर. माझा रँकर बॅटलफील्डवर (टेबलावर उतरलेल्या कार्डांत) पोचलाच नव्हता, स्टॅकवरूनच (टाकलेली कार्डं लागू व्हायची वाट बघतात तिथून) खड्ड्यात गेला.

तिन्ही मुद्दे दोन मिनिटांत आडवे. पुढच्या टर्नला पोराने मला संपवलं आणि वर "छान गेम झाला दादा" म्हणाला, ते जास्त लागलं.

आमच्या घरी मेंढीकोट खेळताना वाद झाला की आजोबा म्हणतील तो नियम, आणि आजोबांचा नियम पार्टनर कोण आहे त्यावर ठरायचा. उनोचंही तेच, +४ वर +२ टाकता येतं असं मानून अख्ख्या देशाच्या उन्हाळी सुट्ट्या गेल्या आणि २०१९ मध्ये कंपनीनेच सांगितलं की नाही टाकता येत, तरी आमच्या घरात अजून टाकतात. मी त्याच संस्कारात वाढलेला, कार्डाचा ‘अर्थ काय असावा’ हे आधी ठरवायचं आणि मग शब्द त्यात बसवायचे. मॅजिकमध्ये हे चालत नाही.

त्या रात्री कॉम्प्रिहेन्सिव्ह रूल्सची, म्हणजे मॅजिकच्या सगळ्या नियमांची फाइल उघडली. तीनशेच्या आसपास पानं. पहिल्या पानापासून वाचायला घेतलं हा गाढवपणा, चौथ्या पानावर झोप लागली. मग उलटं केलं, माझे तीन हरलेले मुद्दे वहीत लिहिले आणि फक्त तेवढ्याचंच शोधत गेलो. ऑराचं ३०३.४ए मध्ये सापडलं. टार्गेट बेकायदा झालं तर काय होतं ते ६०८.२बी मध्ये, की स्पेलची सगळी टार्गेट्स बाद झाली तर तो रिझॉल्व्हच होत नाही, त्यातलं काहीच घडत नाही. लोक याला फिझल झालं म्हणतात. जुन्या रुलिंग्जमध्ये याच गोष्टीला ‘काउंटर्ड’ म्हटलेलं दिसतं, २०१८ च्या डॉमिनारिया सेटपासून तो शब्द काढला, आणि मी दोन दिवस हे दोन वेगळे प्रकार समजून डोकं फोडून घेत होतो.

‘काहीच घडत नाही’ याचा अर्थ रिपल्स नावाच्या कार्डाने नीट समजला. त्यावर दोन वाक्यं, टार्गेट क्रीचर मालकाच्या हातात परत पाठवा, आणि एक कार्ड ओढा. मला वाटायचं क्रीचर निसटलं तरी कार्ड तर मिळेल. नाही मिळत, कारण टार्गेट एकच होतं आणि ते गेलं.

माझा मूळ गोंधळ कुठे होता तेही तेव्हाच कळलं. वाइन्स आलं २००९ च्या झेंडिकार सेटमध्ये, ‘हेक्सप्रूफ’ (समोरच्याला टार्गेट करता न येणं) हा शब्द आला २०११ मध्ये, आणि मी मनात ‘वाइन्स म्हणजे लांबलचक लिहिलेलं हेक्सप्रूफ’ अशी गाइडमधल्यासारखी व्याख्या करून ठेवली होती. पण हेक्सप्रूफ ही क्रीचरच्या अंगातली अॅबिलिटी, तिथला ‘यू’ म्हणजे क्रीचर ज्याच्याकडे आहे तो. वाइन्स क्रीचरला काही देतच नाही, बाहेरून कुंपण घालतं, आणि कुंपण कुणी घातलं त्याप्रमाणे आत कोण जाणार ते ठरतं.

मग मला नादच लागला. चेनर्स इडिक्ट, ‘टार्गेट प्लेयर सॅक्रिफाइसेस अ क्रीचर’, इथे टार्गेट प्लेयर आहे, क्रीचर नाही, म्हणून समोरच्याकडे एकटं हेक्सप्रूफ क्रीचर असेल तर त्यालाच बळी द्यावं लागतं. रॅथ ऑफ गॉड तर कुणालाच टार्गेट करत नाही, सरसकट झाडू. क्लोन कुठल्या क्रीचरची नक्कल करणार ते तो उतरताना ठरतं, टार्गेट नाही, त्यामुळे हेक्सप्रूफवाल्याचीही नक्कल होते. आणि माझं सगळ्यात आवडतं, इलेक्ट्रिकरी, ओव्हरलोडची किंमत मोजली की कार्डावरचा ‘टार्गेट’ शब्द पुसून तिथे ‘ईच’ वाचायचं, बस, एका शब्दाने हेक्सप्रूफ निकामी. बायको म्हणाली तू हल्ली वीज बिल पण असंच बोट ठेवून वाचतोस.

तीन महिने डेकमध्ये वाइन्सच्या चार प्रती ठेवून मी त्या क्षणाची वाट बघत होतो. आणि आला. समोर बोगल्सवाला (हेक्सप्रूफ क्रीचरवर ऑरा चढवत जाणारा डेक), टेबलावर स्लिपरी बोगल, हातातून काढला रँकर. मी मान ताठ करून, थोडं मोठ्यानेच, ताईंच्या टेबलापर्यंत ऐकू जाईल असं म्हणालो, "रिस्पॉन्समध्ये वाइन्स, तुझ्या बोगलवर."

तो काहीच बोलला नाही. बोगल उचललं आणि त्यावरच्या ‘हेक्सप्रूफ’वर नुसतं बोट ठेवलं. मी माझं वाइन्स परत वाचलं. त्या वाक्याचा पहिलाच शब्द, टार्गेट. गुपचूप हातात परत घेतलं. ताई तिकडून बघत होत्या, उठल्या पण नाहीत.